सरासरी ७८२ ग्रॅम: परसातल्या पाच बँटम कोंबड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला असलेल्या एका वाडीतलं हे घर. वाडीचं नाव देत नाही. घरच्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, इथंही तेवढंच पुरे. अक्का, बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला जाणारा मुलगा, सून, आणि कन्नड शाळेत शिकणारी नात. भाताची खाचरं, थोडी नाचणी, दोन म्हशी. कोंबड्या या घरात पहिल्यापासून आहेत, पण त्या गावठी. फिरून खायच्या, जमेल तेव्हा अंडी द्यायच्या, पाहुणे आले की कमी व्हायच्या.

बँटम, म्हणजे खुज्या जातीच्या कोंबड्या, मुलानं आणल्या. दिवाळीनंतर बेळगावच्या एका हौशी माणसाकडून सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा घेतला. कोचीन वळणाच्या, बुटक्या, गोल, पायांवर नखांपर्यंत पिसं असलेल्या. शुद्ध जातीच्या म्हणाव्यात अशा नव्हेत. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "पाऊण किलोच्या होतील, त्यापेक्षा मोठ्या नाहीत." हे वाक्य मुलाच्या लक्षात राहिलं आणि पुढं उपयोगाला आलं.

घरात आधीच दोन गिरिराजा होत्या. गिरिराजा म्हणजे बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परसासाठी तयार केलेली मोठी कोंबडी. वाढलेली मादी तीन किलोच्या आसपास, म्हणजे बँटमच्या चौपट. या सगळ्यांना दाणा एकाच जागी पडायचा, अंगणात, मुठीनं.

माझं एक मत इथंच सांगून टाकतो. अंड्यांसाठी कुणी बँटम पाळू नये. अंडं जेमतेम तीस ग्रॅमचं, त्यात कोचीन वळणाची कोंबडी वर्षात दोन-तीनदा तरी खुडूक बसणार, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसून राहणार. हिशेब घातला तर गिरिराजाच जिंकते. बँटम पाळायची ती हौसेसाठी, किंवा दुसऱ्या कोंबडीची अंडी उबवून घेण्यासाठी. त्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण म्हणून तिची अंडी अचानक बंद झाली तर दुर्लक्ष करावं असंही नाही. परसातल्या माणसाला कोंबडीच्या आत डोकावायला अंड्याएवढी सोपी खिडकी दुसरी मिळत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी अंडी सुरू झाली. मार्च ते मे सहा जणींची मिळून रोज तीन-चार अंडी यायची. कवच टणक, बलक चांगला पिवळा. दिवसभर त्या खाचरांत, शेणखताच्या ढिगाऱ्यावर, काजूच्या झाडांखाली उकरत फिरायच्या. अक्कांनी टाकलेला मका आणि कणी हा तेव्हा वरचा खाऊ होता.

अडचण

मृग लागला तसं फिरणं थांबलं. या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या चिखलात सोडल्या तर पिसांना मातीचे गोळे लटकतात. म्हणून अक्का त्यांना गोठ्याला लागून असलेल्या लाकडी खुराड्यात आणि पुढच्या पडवीतच ठेवायला लागल्या. खायला कणी, उरलेला भात आणि मका. बाहेरचे किडे, कोवळं गवत, वाळवी हे सगळं एकदम बंद झालं. वरचा खाऊ तेवढा पूर्ण जेवण होऊन बसला.

जुलैत अंडी दिवसाला एक-दोनवर आली. ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस एकही नाही असं व्हायला लागलं. जी यायची त्यांचं कवच बोटानं दाबलं तरी तडकायचं. एकदा तर नुसत्या पापुद्र्यातलं मऊ अंडं पडलेलं सापडलं. सहा जणींतली कवडी नावाची जुलैच्या पहिल्या आठवड्यातच खुडूक बसली होती. तिच्याखाली अंडी ठेवलेली नव्हती, पण कुणी तिला उठवलंही नव्हतं. आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांनी पाहिली आणि सगळ्यांनी सोडून दिली. चितरी नावाची दुसरी एक संध्याकाळी खुराड्यात जायला तयार नसायची. भर पावसात पेरूच्या फांदीवर जाऊन बसायची. "लई अंगात आलंय तिच्या," एवढ्यावर तो विषय संपायचा.

शेजारच्या काकांनी सांगितलं, "मका वाढवा अक्का, पावसात अंगात ऊब पायजे." मका वाढला.

गणपतीच्या आठवड्यात तांबडी मेली. सहा जणींत सगळ्यात भरलेली, लालभडक तुऱ्याची. ऑगस्टमध्ये जी काही अंडी येत होती त्यांतली बरीचशी तिचीच. आदल्या दिवशीही तिनं अंडं दिलं होतं. सकाळी खुराड्याच्या तळाशी आडवी, तुरा पांढराफटक. आजारपणाचा एक दिवस नाही.

पहिला निर्णय: मेलेल्या कोंबडीचं काय करायचं

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच वाटतो. अक्कांचं म्हणणं होतं, फणसाच्या बुडाशी पुरून टाका. काका म्हणाले मानमोडी आली असणार, आता उरलेल्या जातील, त्याआधी कापून मोकळे व्हा. मानमोडी म्हणजे राणीखेत. ती आली की परसंच्या परसं रिकामी होतात, हे वाडीनं पाहिलेलं आहे, त्यामुळं भीती खोटी नव्हती. पण लक्षणं जुळत नव्हती. कुणाची मान वाकडी नाही, हिरवी पातळ शीट नाही, घरघर नाही, आणि मेली ती एकटीच.

मुलगा सणाच्या सुट्टीला घरी होता म्हणून तिसरा पर्याय निघाला. त्यानं कोंबडी दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेली. घरी चिरून पाहिली नाही, हे बरं केलं. एकाएकी मेलेला पक्षी घरी उघडू नये. दोन-चार एकदम मेले असते तर हातही न लावता आधी दवाखान्याला कळवायचं असतं.

डॉक्टरांनी पोट उघडलं. आत पिवळ्या चरबीचा जाड थर. यकृत सुजलेलं, फिकट पिवळं, बोट लावलं तर तुटेल असं, आणि त्याच्यावर गोठलेल्या रक्ताची मोठी गाठ. अंडाशयात वाढीला लागलेले बलक रांगेनं होते. डॉक्टर कन्नड भाषक, पण मराठी चांगलं बोलतात. मुलाजवळ त्यांनी निरोप दिला, "अक्कांना सांगा, ही उपाशी मेली नाही, खाऊन मेली."

यकृतात चरबी साठत जाते, ते ठिसूळ होतं, आणि अंडं घालताना जोर लागला किंवा कोंबडी दचकली, की फुटून आतल्या आत रक्तस्राव होतो. जास्त ऊर्जेचा चारा, कमी हालचाल आणि अंड्यावर असलेली मादी, हे तिन्ही जमलं की हा धोका असतो. अशा कोंबड्या बऱ्याचदा बाहेरून कळपातल्या सगळ्यात छान दिसणाऱ्या असतात. तांबडी तशीच होती.

चिठ्ठी कन्नडात लिहिलेली होती. ती घरी नातीनं वाचून दाखवली. तिच्यात औषधापेक्षा कामं जास्त होती: उरलेल्या प्रत्येक कोंबडीचं वजन, छातीचं हाड हातानं पाहणं, शीटेचा नमुना, आणि रात्री बॅटरी घेऊन खुराडं तपासणं.

समोरचे पर्याय

घरात त्या रात्री जे बोलणं झालं त्यात पाच वाटा निघाल्या.

काकांची वाट, म्हणजे दाणा आणखी वाढवणं, तांबडीच्या यकृतानं बंद केली. तरी काका पूर्ण हटले नाहीत. चितरीकडं बोट दाखवून ते म्हणाले, "ही बघा, हिला तरी खायला पायजे का नको?" आणि त्यात तथ्य होतं, ते पुढं दिसलं.

सुनेचं म्हणणं, सगळ्यांना जंताचं औषध पाजावं, म्हशीचं घरात आहेच. यात दोन अडचणी. म्हशीच्या औषधाची मात्रा पाऊण किलोच्या पक्ष्याला अंदाजानं द्यायची म्हणजे जुगार. आणि जंत आहेत की नाहीत हे शीट तपासून कळण्यासारखं असताना आंधळेपणानं कशाला?

मुलाच्या मनात बल्ब होता. कोंबडीला अंड्यासाठी चौदा-एक तास उजेड लागतो हे त्यानं ऐकलेलं. गोष्ट खरी आहे. आपल्याकडं सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांचा आणि सगळ्यात लहान सव्वाअकरा तासांच्या आत. त्यात पावसाळी आभाळ आणि अंधारं खुराडं. पण डॉक्टरांनी फोनवर थांबवलं. आधीच चरबी चढलेल्या कोंबडीला उजेडानं अंड्यावर ढकललं तर अंडं अडकणं, अंग बाहेर येणं, नाहीतर पुन्हा तांबडीचंच होणं, यांतलं काहीतरी ओढवतं. शिवाय त्या भागात पावसाळ्यात वीज किती वेळ असते? एक दिवस उजेड आणि तीन दिवस अंधार हे नुसत्या अंधारापेक्षा वाईट.

चौथी वाट अक्कांची. बँटम सगळ्या काढा, आणखी दोन गिरिराजा आणा. पैशाच्या हिशेबानं हीच बरोबर होती, आणि मी असतो तर तिच्यावर जास्त वेळ विचार केला असता. ती टळली ती नातीमुळं.

पाचवी वाट चिठ्ठीतली. वाण्याच्या दुकानातला डिजिटल काटा दुसऱ्या दिवशी सकाळी मागून आणला तेव्हा अक्का म्हणाल्या, "कोंबडी काय सोनं हाय व्हय, काट्यावर तोलायला?"

काटा काय म्हणाला

वजन सकाळी, दाणा टाकायच्या आधी घेतलं. गळ्याजवळची पिशवी भरलेली असली तर बँटममध्ये तीस-चाळीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. एवढ्याशा जिवाला तो मोठा आहे. प्लास्टिकचा टब काट्यावर ठेवून शून्य केला, कोंबडी आत, वरून फडकं, म्हणजे अंधार झाला की ती गप्प बसते.

पांढरी १,०२० ग्रॅम. काळी ९८०. राखी ७६०. चितरी ५९०. कवडी ५६०.

बेरीज ३,९१०, पाचांनी भागून ७८२. पाऊण किलोच्या कोंबड्या असणार, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि सरासरी बरोबर तिथंच आलेली. मुलाला क्षणभर वाटलं, मग सगळं ठीकच आहे की. पण पाचांतली ७८२ च्या जवळची कोंबडी एकच होती, राखी. उरलेल्या चौघींपैकी दोघी लठ्ठ आणि दोघी उपाशी.

नुसत्या डोळ्यांना हे का दिसलं नाही? कोचीन वळणाची पिसं इतकी फुगीर असतात, की ५६० ची कवडी आणि १,०२० ची पांढरी पडवीत शेजारी बसल्या तर दोन्ही सारख्याच गोल दिसतात. हात आत घातल्याशिवाय काही कळत नाही. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवलं तेव्हा कवडीचं हाड विळ्याच्या पाठीसारखं वर आलेलं, दोन्ही बाजूंनी मांस उतरलेलं. राखीचं हाड लागत होतं पण बोचत नव्हतं, दोन्हीकडं भरलेलं. पांढरीचं हाड शोधावं लागलं, आणि पोटाखाली कातडीआड जाड, घट्ट थर.

दुसरी तपासणी शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांची. अंड्यावर असलेल्या बँटममध्ये त्या दोन हाडांमध्ये साधारण दोन बोटं बसतात आणि अंडं येण्याची वाट ओलसर, सैल असते. राखीची दोन बोटं बसली. बाकी कुणाचं एक बोटही धड जाईना. म्हणजे तांबडी सोडली तर जे एखादं अंडं येत होतं ते एकटी राखी देत होती.

रात्री नऊ वाजता बॅटरी घेऊन खुराडं उघडलं. फळ्यांच्या सांध्यांमधून करडे, चपटे गोचीड बाहेर आलेले, काही रक्त पिऊन टम्म फुगलेले. कोंबडीचा हा गोचीड दिवसा भेगेत लपतो आणि रात्री रक्त पितो, त्यामुळं दिवसा कोंबडी उलटीपालटी करून पाहिली तरी तो सापडत नाही. चितरी झाडावर का बसत होती याचं उत्तर त्या फळ्यांत होतं. कळपात ती खालच्या मानाची कोंबडी. बसायला तिच्या वाट्याला भेगांच्या शेजारची कोपऱ्यातली जागा यायची.

शीटेत गोल जंतांची अंडी निघाली. फार नव्हती, पण होती.

आकड्यांचा हिशेब

डॉक्टरांनी मुलाला एक हिशेब करून दाखवला. तो मला इतका आवडला की जसाच्या तसा देतो.

बँटम दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम खाते. ते सगळं मका किंवा कणी असेल तर त्यातून चार ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. तीस ग्रॅमच्या एका अंड्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं जातात. मग तिनं स्वतः कशावर जगायचं, पिसं कशाची उगवायची? अंडं थांबतं. पण मक्यातली ऊर्जा थांबत नाही, ती चरबी होऊन पोटात बसते. एकच कोंबडी प्रथिनांना उपाशी आणि चरबीनं भरलेली असू शकते ती अशी.

कवचाचं त्याहून वाईट. तीस ग्रॅमच्या अंड्याचं कवच तीन ग्रॅम, त्यात कॅल्शियम सव्वा ग्रॅमच्या जवळपास. पन्नास ग्रॅम मक्यात ते एका ग्रॅमचा शंभरावा भाग असेल-नसेल. अक्का म्हणाल्या, मग नाचणी घालते, तिच्यात चुना असतो म्हणतात. असतो, धान्यांत सगळ्यात जास्त. तरी शंभर ग्रॅम नाचणीत एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच कॅल्शियम. पन्नास ग्रॅम नाचणी पोटात गेली तरी एका कवचाच्या सातव्या भागाची सोय झाली. माणसाला भाकरी पुरते, अंड्याला नाही.

काय केलं

दाणा बदलला, पण एकदम नाही. लठ्ठ कोंबडीला उपाशी ठेवून बारीक करायला गेलं तर तिचं यकृत आणखी बिघडतं. दहा-बारा दिवसांत मका-कणी कमी करत पोल्ट्रीचं तयार खाद्य वाढवलं.

इथं दुसरा खरा निर्णय होता. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य आणायचं की वाढीच्या पक्ष्यांचं ग्रोअर? दुकानदार लेअरच देत होता. लेअर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पण इथं अंड्यावर एकच कोंबडी, बाकी चार बंद, आणि एक कोंबडा. अंडी न घालणाऱ्या पक्ष्याला ते कॅल्शियम महिनोन् महिने गेलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून सोळा टक्के प्रथिनांचं ग्रोअर खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत. कोंबडी अंड्यावर असली की चुरा स्वतः टिपते, नसली की सोडून देते. पहिल्या आठवड्यात करवंटीजवळ फक्त राखी दिसायची. विड्याच्या पानाचा चुना घालायचं काकांनी सुचवलं होतं, ते टाळलं. तो दाहक असतो.

पोतं पन्नास किलोचं घेतलं नाही. पाच बँटम, कोंबडा आणि दोन गिरिराजा मिळून दिवसाला अर्धा किलोच्या थोडं वर खातात, म्हणजे पोतं तीन महिने पुरलं असतं. तिथल्या दमट हवेत ते महिन्याभरात कुबट होतं. बुरशी लागलेला दाणा यकृतालाच मारतो, आणि आधीच चरबी चढलेल्या यकृताला तो नकोच. दहा-दहा किलो सुटं आणलं, पत्र्याच्या डब्यात ठेवलं. घरातला उरलेला मका डॉक्टरांनी वास घेऊनच बाद केला. शेंगदाण्याची पेंडही याच कारणानं पावसाळ्यात आणायची नाही असं ठरलं. गोव्याकडून येणारी सुकट प्रथिनांना उत्तम, पण खारवलेली असेल तर मीठ कोंबडीला बाधतं. बिनखाऱ्या सुकटीची पूड मिळाली तेव्हा चिमूटभर दिली. शेवग्याचा पाला मात्र रोज.

चितरी आणि कवडीला गिरिराजांच्या चोचीतून सोडवायचं होतं. मुलानं बांबूच्या कामट्यांचा लहान कोंडवाडा केला, फटी अशा की बँटम आत जाईल, गिरिराजाची छाती अडकेल. आत दाण्याची वाटी. पण त्या फटीतून पांढरी आणि काळीही जाणार, म्हणून सकाळचा अर्धा तास त्या दोघींना डालग्याखाली झाकून त्यांचा मोजलेला पंचेचाळीस ग्रॅम दाणा तिथंच द्यायचा. हे काम नातीनं घेतलं आणि तिनं ते अक्कांपेक्षा काटेकोरपणे केलं.

कवडीचं खुडूकपण मोडायचं की तिला अंडी द्यायची? सात-आठ आठवडे बसून ती अर्धी झाली होती. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, घाईनं टिपते आणि परत बसते. अजून एकवीस दिवस तिला झेपले नसते. गावाकडं पाण्यात बुडवतात, नाकात पीस ओवतात. ऑगस्टच्या गारठ्यात ५६० ग्रॅमची कोंबडी बुडवणं म्हणजे न्युमोनियाला बोलावणं. तिला खालून हवा लागेल अशा जाळीच्या खोक्यात, उजेडात, दाणा-पाण्यासह ठेवलं. चार दिवसांत सोडली तर परत त्याच कोपऱ्यात. दुसऱ्यांदा आठवडाभर ठेवल्यावर उठली.

खुराडं पूर्ण रिकामं केलं. गवत जाळलं, फळ्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, मग ज्योत फिरवली, मग भेगा सिमेंट-चुन्यानं बुजवल्या, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध फवारलं. कोंबड्या तोवर म्हशींच्या गोठ्यात. जंताचं औषध वजनाप्रमाणे मोजून दिलं. सांगितलेले दिवस राखीची अंडी कुणी खाल्ली नाहीत, यावर काकांची कुरकुर झाली. राणीखेतची लस मात्र लगेच टोचली नाही. अशक्त पक्ष्याला ती सोसत नाही, ती दसऱ्यानंतर झाली.

काय झालं

अंडी लगेच वाढली नाहीत. उलट ऑक्टोबरमध्ये राखीचंही बंद झालं. पिसं झडायला लागली होती. वर्षातून एकदा हे होतंच, दोन-तीन महिने चालतं, आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, त्यामुळं त्या काळात अंड्याला काही उरत नाही. अक्कांना वाटलं नवीन खाद्यच बाधलं. "मक्यावर निदान एक तरी पडत होतं." या आठवड्यात हे घर परत मक्यावर गेलं असतं. थांबवलं ते वजनाच्या वहीतल्या आकड्यांनी. अंडी नव्हती, पण वजनं हलत होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस पांढरी ८७०, काळी ८४०, राखी ७७०, कवडी ७२०, चितरी ६९०. बेरीज ३,८९०. सरासरी ७७८. तीन महिन्यांच्या एवढ्या खटाटोपानंतर सरासरी चार ग्रॅमनं उतरली. कुणी फक्त तेवढा आकडा पाहिला असता तर म्हणाला असता, काहीच झालं नाही.

कवडीनं नोव्हेंबरमध्येच अंडं दिलं. राखी पिसं भरल्यावर डिसेंबरात परतली, पांढरी त्याच महिन्यात. चितरी जानेवारीत, कवच पहिल्यापासून चांगलं. ती आता खुराड्यात झोपते. काळीचं वजन उतरलं, तुरा लाल झाला, पण अंडं आजवर नाही. हाडांमधलं अंतर तसंच. आत काही बिघडलं असेल, ते जिवंतपणी कळायचा सोपा मार्ग परसात नाही. अक्का म्हणतात राहू दे. चौघींची मिळून जानेवारीत दिवसाला दोन अंडी येत होती. हिवाळ्यात बँटमकडून याहून जास्त मागू नये.

वेगळं काय करता आलं असतं

सगळे उपाय एकाच पंधरवड्यात झाले. दाणा, गोचीड, जंत, खुडूक, वेगळा कोंडवाडा. त्यामुळं चितरी कशानं सुधारली हे ठामपणे सांगता येत नाही. माझा कल गोचिडाकडं आहे, कारण कोंडवाड्यातला दाणा तिला मिळायला लागण्याआधीच, गोठ्यात झोपायला लागल्यावर आठवड्यात तिच्या तुऱ्यावर रंग आला. पण एक कोंबडी अशी मेलेली असताना एकेक उपाय सावकाश करून पाहा असं त्या घराला सांगणं कुणाला जमलं असतं?

तलंगा आणल्या त्या दिवशी वजन घेतलेलं नव्हतं. घेतलं असतं आणि महिन्याला एकदा घेत राहिले असते तर जुलैतच दोन टोकं फाकताना दिसली असती. गिरिराजात पन्नास ग्रॅमचा फरक काही सांगत नाही, सातशे ग्रॅमच्या कोंबडीत तो अंगाच्या चौदाव्या हिश्श्याएवढा आहे. तांबडी तेव्हा वाचली असती का? कदाचित. तिला सगळ्यात निरोगी समजून सगळ्यात जास्त दाणा तिच्यापुढं पडत होता, हे मात्र नक्की.

कवडीला जुलैतच, बसल्यापासून तीन-चार दिवसांत जाळीवर ठेवायला हवं होतं. जितकी मुरते तितकी उठवायला वेळ लागतो. तेव्हा तिच्याखाली अंडी घालणंही बरोबर ठरलं नसतं. खानापूरच्या पावसात निघालेली पिल्लं गारठून जातात. आता फेब्रुवारीत ती पुन्हा बसली तर गिरिराजाची चार अंडी तिच्याखाली घालायची ठरली आहे. तेवढीच तिच्या पंखांखाली मावतात.

शवविच्छेदन एकाच कोंबडीचं झालं. पांढरी आणि काळीच्या यकृताचं जे काही आपण म्हणतो आहोत ते तांबडीवरून आणि हाताला लागलेल्या चरबीवरून.

गोचीड गेले असं अक्का धरून चालल्या आहेत. हा प्राणी रक्ताशिवाय वर्षभराहून जास्त भेगेत टिकतो. मुलानं खुराड्याच्या दाराला आतून सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधून ठेवला आहे. दर पंधरा दिवसांनी तो सोडवून मागची बाजू पाहायची, कारण लपायला जागा मिळाली की गोचीड आधी तिथंच जमतात. मृगाच्या आधी फळ्या काढून खुराडं पत्र्याचं आणि जाळीचं करायचं आहे. पत्रा उन्हात तापेल म्हणून वर गवताचं छप्पर घालायचं की झावळ्यांचं, यावर घरात अजून एकमत नाही.